नासर्डी, नंदिनी आणि ‘मिसळणारे नाले’
सिंहस्थ जवळ आला की नाशिकमध्ये गोदावरीच्या शुद्धतेची चर्चा रामकुंडाभोवती सुरू होते आणि बहुधा तिथेच थांबते. रामकुंडाच्या खालच्या बाजूस, आगर टाकळीजवळ गोदावरीला मिळणारी नासर्डी या चर्चेत आलीच, तर ‘मिसळणारे नाले’ या शब्दांच्या पोटात येते. या उपनदीचे आजवर जे झाले, त्याचा बराचसा उलगडा या दोन शब्दांतून होतो.

समर्थांच्या चरित्रपरंपरेत तिचे नाव नंदिनी आहे. सतराव्या शतकात टाकळीच्या मुक्कामी बारा वर्षे, रोज सकाळी कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून त्यांनी जप केला, तो याच प्रवाहात, असे परंपरा सांगते. व्यवहारात मात्र नासर्डी हेच नाव रुळले. पुणे रस्त्यावरचा नासर्डी पूल आणि तिथला थांबा आजही याच नावाने ओळखला जातो. अलीकडे पुन्हा नंदिनी म्हणण्याचा आग्रह धरला जातो. नासर्डी म्हणजे ‘नासलेली’ ही थट्टा ज्यांनी ऐकली आहे, त्यांना त्या आग्रहामागची भावना कळेल. पण नाव बदलल्याने वर्गवारी बदलत नाही, आणि खरा वाद नदी की नाला या वर्गवारीचा आहे.

१९६० च्या दशकात सातपूरला औद्योगिक वसाहत आली, पुढे अंबडला दुसरी आली आणि दोहोंच्या आधाराने सिडकोची वस्ती उभी राहिली. १९८२ मध्ये महापालिका स्थापन झाली, तेव्हा पाणलोटाचा वरचा भाग कारखान्यांनी आणि घरांनी भरू लागला होता. मलवाहिन्या मागून आल्या. मधल्या काळात उंटवाडीपासून मुंबई नाक्यापर्यंतच्या वस्त्यांनी नदीकडे पाठ केली आणि उताराने वाहून येणारे सगळे तिच्यात सोडले. प्लेटिंगसारख्या लहान उद्योगांच्या रासायनिक सांडपाण्यासाठी सामाईक शुद्धीकरण केंद्र असावे, ही मागणी वर्षानुवर्षे कागदावर फिरत राहिली.

प्रवाहाला नदी म्हटले, तर तिला पाणलोट असतो, काठ असतो, पूररेषा असते आणि बारमाही थोडे तरी पाणी असावे अशी अपेक्षा असते. नाला म्हटले की ती केवळ वाहून नेण्याची सोय ठरते आणि तिच्यावर एकच उपाय सुचतो : ‘अडवा आणि वळवा’. पात्रात लहानसा बांध घालायचा, साचलेले सांडपाणी पंपाने उचलायचे आणि मलजल शुद्धीकरण केंद्रात पोहोचवायचे. अभियंत्यांच्या बाजूने पाहिले तर यात चूक काढणे अवघड आहे, कारण नदी वाहती दिसावी म्हणून तिच्यात मैला राहू द्यावा असे कोणी म्हणणार नाही. अडचण वेगळी आहे. बेसॉल्टच्या या भूभागात लहान प्रवाहांना उन्हाळ्यात मुळातच झिरपा कमी असतो. त्यातून विहिरी, बोअरवेल आणि काँक्रीटखाली गेलेली जमीन यांमुळे उरलासुरला झिरपाही आटतो, आणि मार्चनंतर पात्रात जे वाहते ते बहुतांशी सांडपाणीच असते. ते उचलले की संगमावरच्या नमुन्याचा आकडा सुधारतो आणि वर कोरडे पात्र उरते. ज्यांना नदी हवी होती त्यांच्या दृष्टीने हे काम निम्मेच झालेले असते. ज्यांना नाला बंद करायचा होता त्यांच्या दृष्टीने ते पूर्ण झालेले असते. माझ्या मते गेल्या दोन दशकांतल्या बहुतेक बैठका याच गैरसमजावर अडल्या आहेत.

१९ सप्टेंबर २००८ च्या महापुराने हा प्रश्न उलट्या बाजूने मांडला. पुढे काठावरच्या बांधकामावर निर्बंध आणणाऱ्या निळ्या आणि लाल पूररेषा आखल्या गेल्या, तेव्हा कालपर्यंतच्या नाल्याला अचानक पूरक्षेत्र मिळाले आणि काठावरच्या भूखंडधारकांना नदी नकोशी झाली. २०१२ मध्ये गोदावरीच्या प्रदूषणाबाबतची जनहित याचिका उच्च न्यायालयात गेल्यावर उपनद्यांचाही हिशेब मागितला जाऊ लागला.

मानकांचा गुंता त्यानंतरचा आहे. शहरातली जुनी शुद्धीकरण केंद्रे प्रतिलिटर ३० मिलिग्रॅम बीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण कुजायला किती ऑक्सिजन लागतो याचे माप; आकडा जितका कमी तितके पाणी स्वच्छ) गृहीत धरून बांधली गेली. २०१९ मध्ये हरित न्यायाधिकरणाने १० ची अपेक्षा ठेवली. स्नानयोग्य पाण्यासाठीची मर्यादा ३ आहे. म्हणजे केंद्र नियमाप्रमाणे चालले तरी त्यातून बाहेर पडणारे पाणी नदीत बरेच स्वच्छ पाणी मिसळल्याशिवाय स्नानयोग्य होत नाही. टाकळीचे केंद्र संगमाच्या परिसरातच आहे आणि उन्हाळ्यात तिथे मिसळायला नासर्डीचे स्वतःचे पाणी जवळजवळ नसते.

अलीकडे पुलांच्या कठड्यांवर उंच जाळ्या बसवल्या गेल्या. निर्माल्याच्या पिशव्या आता जाळीच्या तळाशी, खांबाला टेकवून ठेवलेल्या दिसतात. पहिल्या मोठ्या पावसात त्या पदपथावरून पात्रात जातात आणि पुलाखालच्या काळ्या गाळावर झेंडूच्या पाकळ्यांचा पट्टा दोन दिवस तसाच राहतो.