दाद न देणाऱ्या पेशी

कर्करोगाच्या पेशी औषधाला दाद देईनाशा होतात, ही तक्रार केमोथेरपीइतकीच जुनी आहे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठात लसिकाग्रंथींच्या कर्करोगाने घास गिळणेही कठीण झालेल्या एका रुग्णाला नायट्रोजन मस्टर्ड हे रसायन औषध म्हणून टोचले गेले, तेव्हा मानेवरच्या गाठी काही दिवसांतच विरल्या. पण त्या पुन्हा उद्भवल्या, दुसऱ्या खेपेला गुण थोडाच आला, तिसऱ्या खेपेला जवळजवळ आलाच नाही आणि डिसेंबरमध्ये रुग्ण दगावला. बोस्टनला सिडनी फार्बर यांनी १९४८ मध्ये ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कर्करोगाच्या) मुलांवर अमिनोप्टेरिन या औषधाचे जे प्रयोग प्रसिद्ध केले, त्यांतही सुधारणा तात्पुरतीच ठरली.

औषधामुळे पेशी बदलते की बदललेली पेशी आधीपासूनच असते, हा खरा वादाचा मुद्दा होता. लुरिया आणि डेलब्रुक या संशोधकांनी हाच प्रश्न सोडवण्यासाठी १९४३ मध्ये जिवाणूंवर वापरलेली कसोटी लॉईड लॉ यांनी १९५२ मध्ये उंदरांच्या ल्युकेमियाला लावली आणि असे दाखवले की, प्रतिरोधी पेशी औषध देण्यापूर्वीच तुरळक प्रमाणात असतात. औषध फक्त इतरांना मारून त्यांना रान मोकळे करून देते. एका औषधाला दाद न देणारी पेशी दुसऱ्या औषधाला बळी पडेल, या हिशेबाने अनेक औषधे एकत्र देण्याला यातून मोठा आधार मिळाला.

तो आधार पुढे डळमळला. १९७० मध्ये बीडलर आणि रीम यांनी हॅमस्टरच्या पेशींना ॲक्टिनोमायसिन या कर्करोगावरील औषधाची मात्रा हळूहळू वाढवत सरावले, तेव्हा त्या पेशी सदाफुलीपासून मिळणाऱ्या व्हिन्क्रिस्टीनलाही जुमानेनाशा झाल्या, आणि या दोन औषधांच्या रेणूंत काडीचेही साम्य नव्हते. तीन वर्षांनी डेन्मार्कच्या केल्ड डानो यांना आढळले की, अशा पेशी आत शिरलेले औषध ऊर्जा खर्चून बाहेर फेकतात. ऊर्जा तोडली की औषध आत साचते. १९७६ मध्ये टोरांटोत जुलियानो आणि लिंग यांना पेशीच्या आवरणात सुमारे १,७०,००० डाल्टन (रेणूच्या वस्तुमानाचे एकक) इतके मोठे प्रथिन सापडले. औषध आत शिरू देण्याची आवरणाची क्षमताच ते घटवते, अशा समजुतीने त्यांनी पारगम्यतेच्या इंग्रजी शब्दातील ‘पी’ त्याला जोडला. पुढे ते पंप निघाले, तरी पी-ग्लायकोप्रोटीन हे काहीसे चुकीचे नाव कायम राहिले.

रक्तदाबासाठी वापरले जाणारे व्हेरापामिल हा पंप रोखते, हे १९८१ मध्ये जपानमध्ये दिसले, तेव्हा आशा बळावली. मात्र हेच प्रथिन आतडे, यकृत, मूत्रपिंड आणि मेंदूतील रक्तवाहिन्यांत विषारी द्रव्ये बाहेर टाकण्याचे काम करत असल्याने, हा पंप रोखताच केमोथेरपीचे औषध शरीरातच रेंगाळू लागले, त्याची मात्रा कमी करावी लागली, आणि दोन दशकांच्या चाचण्यांनंतरही अशा रोधकांना नेहमीच्या उपचारांत स्थान मिळाले नाही.