राइम परिषद

वैद्यकीय शिक्षणावरील संशोधनाची अमेरिकेतील वार्षिक विद्वत्परिषद. ‘रिसर्च इन मेडिकल एज्युकेशन’ या नावाच्या आद्याक्षरांवरून तिला राइम म्हणतात. असोसिएशन ऑफ अमेरिकन मेडिकल कॉलेजेस या १८७६ मध्ये स्थापन झालेल्या संघटनेच्या वार्षिक अधिवेशनात ती १९६२ साली पहिल्यांदा भरली. डॉक्टरांना काय शिकवावे, कसे शिकवावे आणि ते शिकले की नाही हे कशावरून ठरवावे, या प्रश्नांवरचे शोधनिबंध येथे वाचले जातात. रोग आणि औषधे यांवरील संशोधन तिच्या कक्षेत येत नाही.

परिषदेची मुळे १९५० च्या दशकातील बफेलो विद्यापीठात सापडतात. विषयाची जाण असली की शिकवता येतेच, अशी वैद्यकीय महाविद्यालयांत तेव्हा सर्रास समजूत होती. औषधाच्या बाबतीत पुराव्यावर अडून बसणारे प्राध्यापक आपल्या व्याख्यानाचा उपयोग होतो का, हे तपासायच्या फंदात पडत नसत. जॉर्ज मिलर या वैद्यकाच्या प्राध्यापकाने शिक्षणशास्त्र विभागातील स्टीफन अब्राहमसन आणि इतरांना हाताशी धरून या सवयीला हात घातला. १९५९ मध्ये मिलर शिकागोला इलिनॉय विद्यापीठात गेले, अब्राहमसन पुढे लॉस एंजेलिसला, आणि दोन्ही ठिकाणी वैद्यकीय शिक्षणाच्या संशोधनासाठी स्वतंत्र विभाग उभे राहिले. डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ आणि परीक्षा-मापनाचे जाणकार एका खोलीत काम करू लागल्यावर त्यांना निष्कर्ष मांडायला व्यासपीठ हवे होते. ते राइमने दिले.

परिषदेचा बाज चर्चासत्रापेक्षा शोधपत्रिकेच्या जवळचा आहे. निबंध आधी पाठवायचा, लेखकाचे नाव झाकून परीक्षकांनी तो तपासायचा, आणि स्वीकारला गेला तरच वाचायचा. स्वीकारलेले निबंध संघटनेच्या ‘अकॅडेमिक मेडिसिन’ या नियतकालिकाची पुरवणी म्हणून प्रसिद्ध होत आले आहेत. (१९८९ पूर्वी याच नियतकालिकाचे नाव ‘जर्नल ऑफ मेडिकल एज्युकेशन’ असे होते.) भाषणे हवेत विरतात, राइमचा खरा ठेवा या पुरवण्यांतच आहे. या क्षेत्रात कोणत्या दशकात कशाची चलती होती, हे त्या चाळून समजते.

सुरुवातीच्या पिढीला सर्वांत जास्त छळणारा प्रश्न म्हणजे कसबी डॉक्टर विचार कसा करतो. मिशिगन स्टेट विद्यापीठात आर्थर एल्स्टाइन, ली शुलमन आणि सहकाऱ्यांनी अनुभवी डॉक्टरांना रुग्णाची भूमिका शिकवलेल्या नटांसमोर बसवले, तपासणीचे चित्रीकरण केले आणि मग तेच चित्रीकरण दाखवत ‘या क्षणी तुमच्या मनात काय होते?’ असे विचारले. नावाजलेला डॉक्टर आधी सगळी माहिती गोळा करतो आणि मग निदानाकडे वळतो, हा पाठ्यपुस्तकी समज त्यात कोसळला. चांगले काय, सामान्य काय, सगळेच पहिल्या काही मिनिटांत चार-पाच शक्यता मनात धरत होते. दुसरा निष्कर्ष जास्त अडचणीचा ठरला : एका रुग्णाचे अचूक निदान करणारा डॉक्टर दुसऱ्या प्रकारच्या रुग्णापुढे तितकाच चांगला ठरेल, याची खात्री नव्हती. हे काम १९७८ मध्ये ग्रंथरूपाने आले.

याचा फटका बसला तो परीक्षांना. विद्यार्थ्याला एकच रुग्ण देऊन, दोन परीक्षकांनी तोंडी प्रश्न विचारून उत्तीर्ण-अनुत्तीर्ण ठरवायचे, ही जुनी रीत मग न्याय्य कशी म्हणायची? नशिबाने ओळखीचा आजार वाट्याला आला की विद्यार्थी सुटला. उपाय एकच होता, अनेक रुग्ण. स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये मांडलेली ओस्की (‘ऑब्जेक्टिव्ह स्ट्रक्चर्ड क्लिनिकल एक्झामिनेशन’) परीक्षा याच दिशेची होती. तीत विद्यार्थी घंटेच्या इशाऱ्यावर एका टेबलावरून दुसऱ्यावर सरकतो, आणि दर ठिकाणी नवे काम व नवा परीक्षक असतो. या परीक्षेतील गुण कितपत भरवशाचे, टेबले किती हवीत, उत्तीर्णतेची रेषा कुठे आखायची, या प्रश्नांनी राइमच्या पुरवण्यांची पानेच्या पाने भरली आहेत. बाहेरच्या वाचकाला ती रुक्ष वाटतील, पण विद्यार्थ्याचे वर्ष जाते की राहते, ते या आकडेमोडीवर ठरते.

रुग्णाचे सोंग वठवणाऱ्या नटांची कल्पना त्याआधीची. लॉस एंजेलिस येथील मेंदूविकारतज्ज्ञ हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ मध्ये चित्रकारांसमोर मॉडेल म्हणून बसणाऱ्या एका स्त्रीला पाय लुळे पडलेल्या रुग्णाची भूमिका शिकवली. विद्यार्थ्याने तपासून झाल्यावर ती स्वतःच त्याच्या कामाची नोंद करी. सहकाऱ्यांनी नाके मुरडली. पुढे हीच पद्धत अमेरिकेच्या परवाना परीक्षेत गेली : २००४ पासून प्रत्येक भावी डॉक्टरला नट-रुग्णांची फेरी पार करावी लागे. खर्च आणि प्रवासाच्या तक्रारी पहिल्यापासून होत्या. कोविडमुळे २०२० मध्ये ही परीक्षा थांबली आणि २०२१ च्या जानेवारीत कायमची बंद झाली.

राइमच्या पुरवण्यांतील सर्वांत गाजलेले चित्र मिलर यांचेच. १९९० च्या पुरवणीतील त्यांच्या छोट्या लेखात एक चार पायऱ्यांचा पिरॅमिड आहे : तळाशी माहीत असणे, त्यावर कसे करायचे ते माहीत असणे, मग करून दाखवणे, आणि टोकाला रोजच्या कामात प्रत्यक्ष करणे. लेखी परीक्षा खालच्या दोन पायऱ्यांपर्यंत पोहोचते, ओस्की तिसऱ्यापर्यंत. चौथ्या पायरीसाठी डॉक्टरला वॉर्डात, खऱ्या रुग्णांजवळ पाहावे लागते, आणि तिथे मापन फार अवघड होते. परीक्षेवरच्या व्याख्यानांत हा पिरॅमिड आज इतक्या वेळा दाखवला जातो की मूळ लेख वाचलेला माणूस विरळाच भेटतो.

या संशोधनावरची टीकाही जुनीच आहे. अभ्यास बहुधा एकाच महाविद्यालयापुरता असतो, विद्यार्थ्यांना शिकवणे आवडले का एवढ्यावरच तो थांबतो, आणि रुग्णाला काही फायदा झाला का, इथपर्यंत क्वचितच जातो. औषधाच्या चाचणीप्रमाणे विद्यार्थ्यांचे दोन गट पाडून नव्या-जुन्या पद्धतींची तुलना करावी, असा आग्रह काहींनी धरला. पण आपण कोणत्या गटात आहोत हे विद्यार्थ्यापासून लपत नाही, आणि कमी शिकवलेल्या गटातला विद्यार्थी रात्री जागून कसर भरून काढतो. मुलाखती आणि निरीक्षणांवर आधारलेले गुणात्मक संशोधन नंतरच्या काळात वाढले, त्यामागे हेही एक कारण आहे. सुरुवातीच्या मापनतज्ज्ञांना ते कितपत रुचले असते, हा प्रश्नच आहे.

राइमसारख्या इतर परिषदाही आहेत. युरोपातील आमी म्हणजे ‘असोसिएशन फॉर मेडिकल एज्युकेशन इन युरोप’ या संघटनेची (स्थापना १९७२, कोपनहेगन) वार्षिक परिषद दरवर्षी शहर बदलते. तिचा पसारा मोठा असून तीत शिकवण्याच्या कार्यशाळाही असतात. केवळ परीक्षा आणि मूल्यमापन यांना वाहिलेली ओटावा परिषद १९८५ मध्ये सुरू झाली. राइमचे नाव वैद्यकीय शिक्षणापुरते असले, तरी परिचर्या, औषधनिर्माण आणि इतर आरोग्यव्यवसायांच्या शिक्षणावरचे काम या साऱ्या व्यासपीठांवर येते.