कानातली शिट्टी आणि कानातले ठोके

‘कानात आवाज येतो’ या एकाच तक्रारीत दोन निराळी दुखणी असतात. एकात रातकिडे ओरडल्यासारखी किर्र किंवा बारीक शिट्टी एकसारखी चालू असते. दुसऱ्यात आवाज लयीत येतो, धप् धप् किंवा हुश्श हुश्श, आणि ती लय स्वतःच्या नाडीची असते. डॉक्टरी भाषेत पहिलं टिनिटस, दुसरं पल्सेटाइल टिनिटस. दोन्हींचे उपचार मात्र पार वेगळे आहेत.

आपला आवाज कोणता, हे घरी पाहता येतं. शांत खोलीत बसा. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला तीन बोटं ठेवून नाडी शोधा आणि कानातल्या आवाजावर पायाने ठेका धरा. ठेका नाडीशी जुळला तर आवाज दुसऱ्या प्रकारचा. शंका राहिलीच तर दोन मिनिटं भरभर चालून या. नाडी वाढली की आवाजाची लयही वाढते.

शिट्टीचं मूळ बहुतेक वेळा कमी झालेल्या ऐकण्यात असतं. आतल्या कानातल्या केसासारख्या नाजूक पेशी मोठ्या आवाजाने किंवा वयाने मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. तिकडून येणारा संदेश कमी झाला की मेंदू स्वतःची संवेदनशीलता वाढवतो, आणि बाहेर आवाज नसतानाही आपल्याला तो ऐकू येतो. इचलकरंजी-मालेगावच्या यंत्रमागांवर आयुष्य काढलेल्यांना किंवा वर्षानुवर्षं कान न झाकता ढोल-ताशा वाजवणाऱ्यांना हा धोका खराच आहे. आवाजाने कान बिघडला असेल तर ऑडिओग्राममध्ये, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखात, साधारण ४००० हर्ट्झच्या (बऱ्याच उंच स्वराच्या) आसपास खळगा दिसतो.

ही शिट्टी बंद करणारं औषध आज जगात कुठेच नाही. हे ऐकायला कठोर वाटतं, पण ते आधी कळलं तर पैसे आणि महिने दोन्ही वाचतात. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये जिंको ही वनस्पती, झिंक, मेलाटोनिन अशा पूरक गोळ्यांची शिफारस करू नका असं स्पष्ट म्हटलं आहे. उपयोग होतो तो वेगळ्या गोष्टींचा. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्र लावावं. बाहेरचे आवाज नीट पोहोचू लागले की अनेकांना शिट्टी मागे पडल्यासारखी वाटते. रात्री खोली अगदी शांत ठेवू नये. पंखा किंवा मोबाइलवर पावसाचा आवाज चालू ठेवावा, पण शिट्टी पूर्ण बुडवण्याइतका मोठा नको. किंचित खालीच असावा, म्हणजे मेंदूला दोन्ही ऐकू येतात आणि तो शिट्टीकडे दुर्लक्ष करायला शिकतो. झोप उडाली असेल, जीव घाबरत असेल, तर समुपदेशकाकडची सीबीटी, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलणारी बोलून करायची उपचारपद्धती, घ्यावी. तिने आवाज कमी होत नाही, त्याचा त्रास कमी होतो, आणि माणसाला जगायला तेवढं पुष्कळ असतं.

ठोक्यांच्या बाबतीत ‘सवय करून घ्या’ हा सल्ला आधी कारण शोधल्याशिवाय कुणी देऊ नये आणि आपणही घेऊ नये. तो आवाज बहुतेकदा खरोखरचा असतो, कानाजवळून वाहणाऱ्या रक्ताचा. त्यामुळे रक्त जोरात का वाहतंय किंवा कुठे अडखळतंय, हे पाहावं लागतं. सुरुवात साध्या तपासण्यांनी होते: हिमोग्लोबिन, थायरॉइड, रक्तदाब. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. तेव्हा धप् धप् सांगणाऱ्या बाईचं हिमोग्लोबिन न बघता तिला परत पाठवणं मला अक्षम्य वाटतं. ठोके रक्तक्षयामुळे असतील, तर रक्त भरून आलं की बरेचदा तेही जातात.

यात सर्वात जपावं लागतं ते डोकेदुखीला. वजन जास्त असलेल्या तरुण स्त्रीला ठोक्यांसोबत डोकं दुखत असेल, वाकल्यावर क्षणभर अंधारून येत असेल, तर कवटीतला दाब वाढलेला असू शकतो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाहुली मोठी करून आतली नस पाहिली की सूज दिसते. वेळेवर औषध आणि वजन कमी करणं यांनी दृष्टी वाचते. उशीर झाला तर ती कायमची जाऊ शकते. याशिवाय मानेची अरुंद झालेली धमनी, शिरेवरचं पातळ झालेलं हाड, कानाच्या पडद्यामागची रक्तवाहिन्यांची गाठ अशी कारणं स्कॅनमध्ये सापडतात, आणि त्यांतल्या बऱ्याच कारणांवर उपचार आहेत. मानेवर हलकं दाबून आवाज थांबतो का, हे डॉक्टर बघतात. घरी करू नये.

उलट, दोन्ही कानांत सारखी शिट्टी असेल, ऐकणंही दोन्हीकडे सारखं असेल आणि दुसरं काही लक्षण नसेल, तर एमआरआयची सहसा गरज नसते, ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, पुरते. शिट्टी एकाच कानात असेल तर मात्र एमआरआयचं विचारावं, कारण क्वचित ऐकण्याच्या नसेजवळ गाठ निघते. आणि शिट्टीसोबत एका कानाने अचानक, तासांत किंवा दोन-तीन दिवसांत ऐकू येईनासं झालं, तर ‘मळ असेल’ म्हणून थेंब टाकत बसू नये. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठावेत. तिथे द्यायच्या स्टिरॉइडचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांतच सर्वात जास्त असतो.