पायाचे अंगठे धरता येत नाहीत, मग योगा कसा जमणार?

"आमचं अंग वाकतच नाही, योगा आपल्यासाठी नाही बाप्पा" हे वाक्य मी नागपुरात इतक्यांदा ऐकलंय ना, आणि दरवेळी वाईट वाटतं, कारण ते साफ चूक आहे. अंग मोकळं होतं ते सरावाने, ते आधीच मोकळं असायला पाहिजे असं कुठेच नाही. पतंजलींच्या योगसूत्रात आसनाबद्दल 'स्थिरसुखमासनम्' म्हटलंय, म्हणजे स्थिर आणि सुखाने बसता आलं पाहिजे, अंगठ्यांचं नावही नाही त्यात.

माझ्या आईचंच बघा, सतरंजीवर पाय लांब करून बसली तर हात जेमतेम गुडघ्याखाली आणि पाठीचा पार धनुष्य. मांडीमागचे स्नायू आखडले की ते कंबरेला मागे ओढतात म्हणून असं होतं. चादरीची जाड घडी बुडाखाली दिली, गुडघे थोडे वाकवू दिले, पाठ लगेच सरळ! ही काही चीटिंग नाही, असंच करायचं असतं.

सुरुवातीला ताडासन (ताठ उभं राहायचं), मार्जारासन (हात-गुडघ्यांवर मांजरीसारखी पाठ वर-खाली), भुजंगासन (पालथं झोपून नागासारखी छाती उचलायची) आणि शेवटी शवासन (उताणं निवांत पडायचं), दहा-पंधरा मिनिटं खूप झाली. श्वास अडकला की समजा जास्त ताणलं, थोडं मागे या. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 ला टेकतो तेव्हा सकाळी लवकरच उरका, आणि तर्री-पोहे नंतर, आधी नाही. बीपी, स्लिप डिस्क असेल किंवा दिवस गेले असतील तर डॉक्टरांना विचारूनच सुरू करा.