प्राण्यांची चित्रपुस्तके व प्रारंभिक साक्षरता

अक्षरे ओळखता येण्यापूर्वीच मुलाचा कान, शब्दसाठा आणि पुस्तक हाताळण्याची सवय तयार व्हावी, म्हणून प्राण्यांची चित्रपुस्तके त्याच्यासोबत वाचण्याची पद्धत.

ही कल्पना जुनी आहे. कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाचे ‘ऑर्बिस सेन्सुअलियम पिक्टस’ हे सचित्र पाठ्यपुस्तक १६५८ मध्ये न्यूरेंबर्ग येथे छापले गेले. त्याच्या आरंभी प्राण्यांची वर्णमाला आहे. आज तक्त्यांवर प्राण्याच्या नावाचे आद्याक्षर घेतात. कोमेनियसने प्राण्याचा आवाजच घेतला. कावळ्याच्या ओरडण्यातून ‘आ’, कोकराच्या बें-बेंमधून ‘ब’. मुलाच्या चालीला हे अधिक जवळचे म्हणावे लागेल, कारण बहुतेक मुले ‘कुत्रा’ म्हणण्याआधी ‘भू-भू’ म्हणतात. ‘मांजर’ आणि ‘म्याँव’ दोन्ही ‘म’नेच सुरू होतात हे कानाला कळणे म्हणजे ध्वनिजाणीव; पुढे अक्षर आणि उच्चार यांची सांगड तिच्यावरच बसते. शब्दसाठ्याचेही तसेच. गाय हंबरते, घोडा खिंकाळतो, कोंबडा आरवतो, वाघ डरकाळी फोडतो. रोजच्या बोलण्यात ही क्रियापदे क्वचितच येतात. पुस्तकात ती पानोपानी भेटतात.

चित्र मात्र जितके ओढून घेते तितकेच अडवतेही. वाचन ऐकणाऱ्या लहान मुलांची नजर बहुतांश वेळ चित्रावर असते, मजकुरावर फारच थोडी, असे नेत्रहालचालींच्या अभ्यासांत दिसले आहे. म्हणून वाचणाऱ्याने अधूनमधून ओळीखालून बोट फिरवावे लागते. प्रश्न कसा विचारला यालाही महत्त्व आहे. ‘हे काय?’ला ‘हत्ती’ एवढेच उत्तर येते. ‘हत्ती कुठे निघालाय?’ म्हटले की मुलाला वाक्य जुळवावे लागते. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट व सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये मांडलेले संवादी वाचन याच तत्त्वावर उभे आहे: मूल हळूहळू सांगणारे होते आणि मोठा माणूस ऐकणारा.

तेच पुस्तक विसाव्यांदा मागणारे मूल पाठ झालेली ओळ ‘वाचून’ नेमक्या शब्दाला पान उलटते. हे सोंग मोडू नये. छापील ओळ दर वेळी तेच बोलते, हे त्याला उमगल्याची ती खूण असते.

कपडे घातलेल्या, बोलणाऱ्या प्राण्यांची पुस्तके गोष्टीसाठी उत्तम, माहितीसाठी कच्ची. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशी पुस्तके ऐकलेल्या मुलांनी प्राण्यांविषयीची तथ्ये कमी आत्मसात केली आणि खऱ्या प्राण्यांनाही माणसाचे गुण चिकटवले.