हस्तिदंतावरची ममबेट

'मिनिएचर' म्हणजे छोटं चित्र, असं आपण धरून चालतो. शब्दाचं मूळ मात्र आकारात नाही, शेंदरात आहे! लॅटिनमध्ये 'मिनियम' म्हणजे शेंदूर, शिशाचा लाल ऑक्साइड. हस्तलिखितांतली अक्षरं त्याने रंगवत. 'मिनी'शी गल्लत नंतर झाली.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत तळहातात मावणारी व्यक्तिचित्रं लॉकेटात घालून मिरवत. चार्ल्स विल्सन पील, एडवर्ड मॅलबोन हे त्यातले उस्ताद. मॅलबोन १८०७ साली क्षयाने गेला, एकोणतिसाव्या वर्षी. ही मंडळी रंगवायची हस्तिदंताच्या पातळ चकतीवर. का?

जलरंगाचा थर पारदर्शक असतो. प्रकाश त्यातून हस्तिदंतात थोडा आत शिरतो, तिथल्या कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंवर आणि खनिजकणांवर आपटून विखुरतो आणि रंगातूनच परत येतो. आपल्या कातडीतही तेच होतं; अंधारात बोटामागे टॉर्च धरा, बोट लालभडक दिसेल. म्हणून त्या चित्रांतले गाल जिवंत वाटतात. पण हिशेब बघा: प्रकाश रंगातून दोनदा गाळला जातो, जाताना आणि येताना. थराने निम्मा अडवला, तर डोळ्यापर्यंत फार तर पाव पोचणार. गोऱ्या गालासाठी हस्तिदंत जवळजवळ उघडाच ठेवून भागतं. सावळ्या चेहऱ्याला थरावर थर चढवावे लागतात आणि आतली चमक विझत जाते.

शिवाय हस्तिदंत तेलकट. रंग धरत नाही, ब्रश फिरवला की खालचा थर उठतो. म्हणून आधी प्यूमिस या सच्छिद्र ज्वालामुखी दगडाच्या भुकटीने घासायचं, मग ठिपका-ठिपका, रेघ-रेघ. पाण्याचा थेंब पटकन न पिणारा हाच हस्तिदंत हवेतला ओलावा मात्र हळूहळू पितो आणि पापडासारखा वाकतो.

काही चित्रांच्या पाठीमागे केसांची बट असते. करणी-बिरणी नव्हे! केसातलं केराटिन हे प्रथिन सहजी कुजत नाही, म्हणून माणसाची आठवण.

चेहरे बहुतेक पैसेवाल्यांचे. अपवाद एलिझाबेथ फ्रीमन ऊर्फ ममबेट. मॅसॅच्युसेट्समधल्या या कृष्णवर्णीय गुलाम बाईने १७८१ मध्ये कोर्टात जाऊन स्वतःची सुटका करून घेतली. वकील होते थिओडोर सेजविक. त्यांची सून सुझन हिने १८११ साली तिला हस्तिदंतावर उतरवलं. सुझनच्या हाताला मॅलबोनची सफाई नाही, पण निळा झगा, पांढरी टोपी आणि गळ्यातली सोन्याच्या मण्यांची माळ लक्षात राहते. त्याच मण्यांचं पुढे ब्रेसलेट झालं. चित्र आणि ब्रेसलेट दोन्ही आज बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीत आहेत.