कालमर्यादित मानसोपचार : सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकारासाठी

सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकार असलेल्या व्यक्तीवर, बैठकांची संख्या आणि शेवटची तारीख सुरुवातीलाच ठरवून केला जाणारा संवादोपचार. बोलण्यात डॉक्टर आणि पेशंट दोघेही या विकाराला ‘बॉर्डरलाइन’च म्हणतात. अमेरिकी निदानसंहितेतील ९ लक्षणांपैकी किमान ५ असावी लागतात: कुणी सोडून जाईल या धास्तीने आकांत, नात्यांत आज देवमाणूस तर उद्या तोंड बघायचं नाही अशी उलथापालथ, आपण नेमके कोण याबद्दल अस्थिरता, उतावीळ खर्च वा नशा, स्वतःला इजा किंवा आत्महत्येचे प्रयत्न, तासातासाला पालटणारी मनःस्थिती, आतून पोकळ वाटणे, अनावर राग, आणि ताणात संशय बळावणे किंवा भान हरपणे. घरच्यांच्या तोंडी याला ‘नाटक’ किंवा ‘डोकं फिरलंय’ असे शब्द असतात आणि निदानाला उशीर होतो तो बहुधा त्यामुळेच.

सोडून जाण्याची भीती हाच विकाराचा गाभा असताना उपचाराला शेवट जाहीर करून ठेवणे वरकरणी निर्दयी वाटते. पण मुदत माहीत असली की ती भीती खोलीतच, उपचारकासमोर उभी राहते आणि तिच्यावर तिथेच काम करता येते. मुदत नसलेल्या उपचारात तीच भीती वर्षानुवर्षे अवलंबनाआड झाकली जाते. मात्र मुदत म्हणजे घाई नव्हे. उपचारांच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २००९च्या मार्गदर्शिकेत या विकारासाठी ३ महिन्यांपेक्षा कमी मुदतीचा मानसोपचार वापरू नये असे स्पष्ट म्हटले आहे. चार-सहा बैठकांचे समुपदेशन येथे पुरत नाही. जखम उघडी करून पेशंटला घरी पाठवल्यासारखे होते.

मुदत मुद्दाम साधन म्हणून वापरणारी पद्धत म्हणजे बोधात्मक-विश्लेषणात्मक उपचार, बोलीत ‘कॅट’. ब्रिटिश डॉक्टर अँथनी राइल यांनी ती लंडनमध्ये, ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या तुटपुंज्या मनुष्यबळात बसेल अशी घडवली. एरवी १६ बैठका, बॉर्डरलाइनसाठी २४. आठवड्याला एक, सुमारे ५० मिनिटांची. पहिल्या चार-पाच बैठका ऐकण्याच्या. त्यानंतर उपचारक पेशंटला एक पत्र लिहितो आणि ते समोर बसून वाचून दाखवतो. त्याची भाषा साधारण अशी: ‘घरात आज कुणाचा मूड कसा आहे हे ओळखून वागायला तुम्ही लहानपणीच शिकलात. आजही समोरच्याचा चेहरा जरा उतरला की तुम्हाला वाटतं, झालं, आता हे मला टाकणार.’ पत्र हा कच्चा मसुदा असतो. पेशंटने त्यात खाडाखोड करणे अपेक्षित असते आणि निमूट मान डोलावली तर उपचारकाने सावध व्हावे.

पत्रामागोमाग एका कागदावर चक्राची आकृती काढतात. फोन उचलला नाही, ‘मला टाळतोय’, लागोपाठ वीस मिसकॉल, समोरचा वैतागून मोबाइल बंद करतो, ‘बघा, मी म्हटलंच होतं’, मग स्वतःला इजा, मग घरच्यांची धावाधाव आणि चार दिवसांची माया, पुन्हा पहिल्या चौकटीत. पुढच्या बैठकांत पेशंट आठवड्यातला प्रसंग घेऊन येतो आणि आपण चक्रात कुठे होतो तिथे बोट ठेवतो. बाहेर पडायची वाट प्रत्येक चौकटीपाशी वेगळ्या रंगाने काढतात, आणि ती छोटीच असावी: दुसऱ्या मिसकॉलनंतर फोन स्वयंपाकघरात ठेवून अंगणात जाणे, एवढीच.

प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला ‘आज अकरावी, तेरा उरल्या’ असे मोठ्याने सांगायचे असते. नवखे उपचारक हे टाळतात. मग विसाव्या बैठकीच्या आसपास पेशंट एकदम कोसळतो, बैठका चुकवतो किंवा ‘तुम्हीपण तसलेच’ म्हणून मध्येच निघून जातो. दया येऊन चार बैठका वाढवणे ही दुसरी नेहमीची चूक. त्यातून पेशंट एवढेच शिकतो की संकट आले की माणूस थांबतो. शेवटी दोघेही निरोपाचे पत्र लिहितात. त्यात काय जमले याबरोबर काय राहिले आणि कशाचा राग आला, हेही यावे लागते. नुसत्या आभारांचे पत्र म्हणजे राग गिळलेला आहे.

इतर पद्धतींनाही मुदती आहेत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांचा, भावना आवरण्याची कौशल्ये शिकवणारा द्वंद्वात्मक वर्तनोपचार, म्हणजे डीबीटी, मुळात वर्षभराचा. कॅनडातील २४० जणांवरच्या चाचणीत (२०२२) ६ महिन्यांचा उपचार स्वतःला इजा करण्याच्या बाबतीत १२ महिन्यांच्या तोडीचा ठरला. अमेरिकेच्या आयोवा राज्यातील ‘स्टेप्स’ हा गटवर्ग २० आठवड्यांचा, दर आठवड्याला २ तास. त्यात भावनेची तीव्रता रोज १ ते ५ अशी मोजतात आणि घरच्यांनाही तीच भाषा शिकवतात. एकत्र कुटुंबात हे विशेष उपयोगी, कारण सासू, जाऊ आणि नवरा तीन वेगळे सल्ले देत असतील तर शिकलेले टिकत नाही. मात्र २००८च्या चाचणीत स्टेप्सने उतावीळपणा आणि खिन्नता घटली तरी आत्महत्येच्या प्रयत्नांत फरक दिसला नाही. कॅटबद्दलही हात राखूनच बोलावे: मेलबर्नच्या १५ ते १८ वयोगटातील चाचणीत (२००८) नीट आखलेल्या साध्या उपचारानेही जवळपास तेवढाच गुण आला. आखणी आणि सातत्य यांचा वाटा मोठा असावा.

कोल्हापुरात ही मुदत पाळायची तर पंचांग आणि पंचगंगा दोन्ही पाहावे लागतात. जूनमध्ये सुरू केलेल्या २४ बैठकांच्या वाटेत पूर, गणपती, नवरात्र, दिवाळी सगळे येते. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांना इशारापातळी आणि ४३ फुटांना धोकापातळी गाठते. गगनबावडा किंवा शिरोळकडच्या पेशंटची वाट त्याआधीही बंद होऊ शकते. म्हणून २४ बैठका २८ ते ३० आठवड्यांत बसवून तारखा पहिल्याच दिवशी कागदावर द्याव्यात, आणि रस्ता बंद झाल्यास त्याच वेळी फोनवर बैठक होईल असे आधीच ठरवावे. पुरामुळे बुडालेली बैठक पुढे ढकलावी. पेशंटने रागाने चुकवलेली मोजणीत धरावी. चंदगडहून शंभरावर किलोमीटर येणाऱ्याला दर आठवड्याची एसटी झेपत नसेल तर एक आड एक बैठक व्हिडिओवर घेता येते, पण पत्र वाचण्याची आणि शेवटची बैठक समोरासमोरच हवी. उपचारक भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेला चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, किंवा मग मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर आहे ना, आणि एकूण फी किती, हे सुरुवातीलाच विचारावे.

शेतकरी घरात पहिल्याच आठवड्यात करायची गोष्ट म्हणजे कीटकनाशके आणि तणनाशके कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्याकडे देणे. रागाच्या लाटेत हाताशी काय सापडते यावर पुष्कळ काही अवलंबून असते. सोबत संकटातली योजना लिहून ठेवतात: आधी स्वतः काय करायचे, मग कुणाला फोन, मग टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन १४४१६ (मराठीत, विनामूल्य), आणि जीव धोक्यात असल्यास थेट कोल्हापूरचे सीपीआर हे सरकारी रुग्णालय किंवा जवळचे रुग्णालय. औषधे या विकाराच्या मुळावर चालत नाहीत. सोबत नैराश्य असेल तर त्यासाठी, किंवा संकटात थोडे दिवस, ती देतात.

शेवटच्या बैठकीनंतर सहा महिन्यांत साधारण चार पाठपुराव्याच्या भेटी असतात. त्यांच्या तारखाही शेवट होण्याआधीच दिलेल्या असतात. त्यांत नवा विषय उघडत नाहीत. जुनी आकृती टेबलावर ठेवून कुठल्या चौकटीतून आता बाहेर पडता येते, तेवढे पाहतात. दुसरी फेरी हवी का, हा निर्णय शेवटच्या पाठपुराव्यानंतरच घेतात.